दिवसाही जळणारा दिवा

"आधी दिवा बघ, मग बोल."

डेल्फिया कॉट्रिलच्या फाटकात पाय ठेवला की हे वाक्य ठरलेलं. कोणी अंडी मागायला आलेला असो की कोणी मयताची बातमी घेऊन आलेला असो, ती व्हरांड्यातल्या खुर्चीवरून आधी हेच म्हणायची. फाटकाशी लोखंडी खांबावर तिचा गॅसचा दिवा होता. चार बाजूंनी काच, वर पत्र्याची टोपी. आलेल्यानं मान वर करून ज्योत बघायची आणि सांगायचं, "बोटभर आहे, मावशी," किंवा "निळी आहे, मावशी." मग ती म्हणायची, "ये, बस."

दिवा दिवसरात्र जळत असे. भर उन्हात ती ज्योत दिसायचीही नाही, डोळ्यावर हात धरून शोधावी लागायची. बाहेरून आलेली माणसं हसायची. आमच्या ते अंगवळणी पडलं होतं. एके काळी या खोऱ्यात प्रत्येक फाटकाशी असा दिवा होता. एकेक करत विझले. डेल्फियाचा शेवटचा.

लोकांना वाटायचं, म्हातारीची सवय आहे. मलाही, तिच्या शेजाऱ्याला, पस्तीस वर्षं तसंच वाटलं. खरं काय ते तिनं मला एका बुधवारी सकाळी सांगितलं, माझ्या पायरीवर बसून, हातातली वही मांडीवर ठेवून. आता जे लिहितो आहे त्यातलं बरंचसं त्या सकाळचं आहे.

आमच्या या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत जमीन दोनदा विकली जाते. एकदा वरची, एकदा खालची. डेल्फियाच्या नवऱ्याच्या आजोबांनी, म्हाताऱ्या कॉट्रिलनं, खालची विकली ती १९११ साली. तेल, गॅस, जे काही निघेल ते सगळं, पाताळापर्यंत. वरचं स्वतःकडे ठेवलं. वरचा मालक गवत कापतो, गाई चारतो, आपली माणसं पुरतो. खालचा मालक बहुधा दिसतच नाही. पण ज्या दिवशी येतो त्या दिवशी तो वाट मागत नाही, वाट पाडतो, आणि कायदा त्याच्या बाजूनं असतो. खाली पोचण्यासाठी वरचं जेवढं लागेल तेवढं तो वापरू शकतो. कुंपण काढू शकतो, झाडं पाडू शकतो. वरच्यानं बाजूला उभं राहायचं.

म्हातारा कॉट्रिल अडाणी होता, पण मूर्ख नव्हता. त्यानं कागदात एक ओळ घालून घेतली होती. या शेतावरची गॅसची विहीर जोवर चालेल, तोवर या घराला चुलीसाठी आणि दिव्यासाठी गॅस फुकट. आमच्या भागातली निम्मी घरं अशा एकेका ओळीवर ऊब घेत जगली. खालचं सगळं गेलं, पण खालून एक बारीक नळी घरात येते, ती आपली. त्या नळीचा अभिमान असायचा लोकांना. म्हणून तर दिवे दिवसाही जळत ठेवायचे.

डेल्फियाच्या घरामागे, उतारावर, कबरींच्या कुंपणाला लागून ती विहीर होती. चार नंबरची. लोखंडी नळ, त्यावर झडपा, सगळ्याला हिरवा रंग. दर मे महिन्यात कबरींवरचं गवत काढायचा दिवस आला की डेल्फिया आधी सासूसासऱ्यांच्या कबरी साफ करायची, मग नवऱ्याची, आणि मग डबा नि ब्रश घेऊन विहिरीला रंग द्यायची. कंपनीच्या विहिरीला कंपनीनं रंग द्यायचा असतो. लोक म्हणायचे, नवरा त्या विहिरींवरच कामाला होता, त्याच्या आठवणीसाठी करते. तिचा नवरा डेन्झिल खरंच कंपनीचा माणूस होता. तीस-बत्तीस विहिरी रोज फिरून बघायच्या, झडपा तपासायच्या, महिन्याच्या कागदावर आकडा लिहायचा. शांत माणूस. टोपी काढायचा ती फक्त प्रार्थनेला आणि जेवायला.

चार नंबरची विहीर १९७७ च्या जानेवारीत मेली होती. हे त्या बुधवारपर्यंत खोऱ्यात डेन्झिल आणि डेल्फिया सोडून कोणालाच माहीत नव्हतं.

ती म्हणाली, त्या जानेवारीत ओहोळ तळापर्यंत गोठला होता. सासू आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. एका सकाळी चुलीतली ज्योत आखडत आखडत वाटाण्याएवढी झाली आणि गेली. डेन्झिल वर जाऊन आला आणि म्हणाला, संपली. विहीर संपली म्हणजे ओळ संपली. कंपनीला कळवायचं, कंपनी नळी कापणार, घरानं लाकूड फोडायचं किंवा शहरासारखा गॅस विकत घ्यायचा. डेन्झिलनं कळवलं नाही. महिन्याच्या कागदावर चार नंबरपुढे थोडासा आकडा लिहीत राहिला. आणि ओहोळापलीकडे गेला.

ओहोळापलीकडे एक सपाट तुकडा आहे. आमच्या डोंगरांत देवानं सपाट जागा ठेवलेली नाही. कुठं सपाट दिसलं तर समजावं, कोणीतरी केलेलं आहे, आणि बहुतेक वेळा विहीर खोदायलाच केलेलं आहे. तिथं १९१२ साली एक विहीर खोदली होती. महायुद्धात लोखंडाला भाव आला तेव्हा कोणीतरी तिच्यातला नळ उपसून विकला. उघड्या भोकात एक झाडाचं खोड ठोकलं, दगड टाकले, माती लोटली. नकाशावर तिची नोंद कधी झालीच नाही. डेन्झिलला ती वडिलांनी सांगितली होती आणि त्याला ती सापडली बर्फ वितळताना, डबक्यात येणाऱ्या बुडबुड्यांवरून. तीन आठवडे तो एकटा खणत होता. खोडाच्या बाजूनं त्यानं पाईप उतरवला, सिमेंट ओतलं, वर पिंप उपडं ठेवून माती सारखी केली. ओहोळाखालून नळी घरापर्यंत आणली. नळीचं दुसरं टोक डेल्फियानं धरलं होतं. चूल पेटली तेव्हा सासूनं आतून विचारलं, "विहिरीला बरं वाटलं का गं?" दोघं एकमेकांकडे बघून हसली. त्या दोघांचं ते शेवटचं बिनधास्त हसणं, असं ती म्हणाली.

कारण तो गॅस त्यांचा नव्हता. ओळ चार नंबरची होती. १९१२ च्या विहिरीतलं सगळं खालच्या मालकाचं होतं. खालचा मालक म्हणजे तेव्हा कोणी एक बाई होती, फ्लोरिडात राहणारी, वारशानं मालकी मिळालेली, आमचं खोरं कधीही न पाहिलेली. डेल्फियानं कचेरीत जाऊन तिचा पत्ता काढला. त्या वर्षापासून दर नाताळला ती त्या बाईला डोंगरी अक्रोडाच्या गरांचा डबा पाठवायची. अक्रोड फोडून फोडून बोटं काळी व्हायची. बाईचं आभाराचं कार्ड यायचं. कोण आहात ते आठवत नाही, पण अक्रोड छान होते. सदतीस वर्षं.

एवढंच असतं तर दोघांनी ती भीती सोबत घेऊन दिवस काढले असते. पण १९८८ साली डेन्झिलचा धाकटा भाऊ हार्ली ओहायोतला टायरचा कारखाना सोडून परत आला. येताना ट्रकमागे जोडून ट्रेलरघर, चाकांवरचं पत्र्याचं घर, घेऊन आला. डेन्झिल कामावर होता. हार्लीनं वडिलांच्या वाटणीतला आपला हिस्सा बघितला, एकुलती एक सपाट जागा बघितली आणि घर तिथं टेकवलं. त्याला काय माहीत. सपाट जागा दिसली की आमचा माणूस तिथं घर मांडतो, ती सपाट कशानं झाली ते विचारत नाही.

डेन्झिल संध्याकाळी आला, कुंपणाशी उभा राहिला. पिंप होतं ते हार्लीच्या पायरीपासून चार हातांवर. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. डेल्फिया म्हणाली, सांगून टाका भावजींना. तो म्हणाला, "हार्लीला आज सांगितलं तर उद्या ते दुकानात जाईल आणि परवा कंपनीत." हे खरं होतं. हार्लीच्या पोटात आजवर फक्त कॉफी टिकली.

मग डेन्झिल दर शनिवारी भावाकडे कॉफी प्यायला जाऊ लागला. निघताना पायरी धुतो म्हणून बादलीभर साबणाचं पाणी तिथं ओतायचा आणि बघायचा, फुगे येतात का. शहरातल्या गॅसला मुद्दाम वास घालतात, आमच्या विहिरीतल्या गॅसला वास नसतो. नाकाला कळत नाही. साबणाला कळतं. डेन्झिल गेल्यावर बादली डेल्फियानं उचलली. गुडघे धरलेले असताना, काठी टेकत, दर शनिवारी. हार्ली सगळ्या खोऱ्याला सांगायचा, "माझ्या वहिनी मला जेवायला बोलावत नाहीत, पण माझी पायरी धुतात. इतकी स्वच्छ पायरी आहे की चोर आला तर बूट काढून आत येईल."

हार्ली सिगारेटला सिगारेट लावणारा माणूस. पायरीवर बसूनच ओढायचा.

२०१४ च्या एप्रिलमध्ये कंपनीचा करारवाला, जमिनीचे कागद करणारा माणूस, आला. ट्रेंट ओल्डहॅम नाव, तिशीतला, स्वच्छ बूट. फाटकात त्यालाही दिवा बघायला लावला तिनं. तो मुकाट्यानं बघून आला आणि टेबलाशी बसला. त्यानं तिला नकाशा दाखवला. डोंगरमाथ्यावर त्यांनी मैदान केलं होतं. तिथून विहिरी दीड मैल खाली जाणार, मग वळून आडव्या पसरणार, खोऱ्याखालून. मग त्यांत पाणी आणि वाळू इतक्या जोरानं भरायची की खडकाला भेगा पडाव्यात. पहिली सप्टेंबरात, दुसरी त्यानंतर. दुसरीची रेघ त्यानं बोटानं दाखवली. ती ओहोळाच्या पलीकडून, सपाट तुकड्याखालून जात होती.

तो म्हणाला, परवानगी मागायला आलो नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. रस्त्याला वरची जमीन लागेल तिची भरपाई मिळेल. आणि मग त्यानं विचारलं, "कॉट्रिलबाई, चार नंबर सोडून शेतावर एखादं जुनं भोक आहे का? कागदावर नसलेलं? खालचा दाब असं भोक शोधून काढतो. म्हणून विचारतो."

"नाही."

ती मला म्हणाली, तो शब्द तोंडातून इतका सरळ निघाला की मी मागे वळून बघितलं, कोण बोललं म्हणून.

ट्रेंटनं वहीत लिहून घेतलं. जाताना खिडकीतून हिरवी विहीर बघून म्हणाला, "छान ठेवली आहे तुम्ही. कंपनीची माणसंही इतकी ठेवत नाहीत." तिला वाटलं त्याला कळलं. त्याला काही कळलं नव्हतं, तो फक्त सभ्य होता.

पुढे दोन माणसं लोखंड शोधायचं यंत्र घेऊन शेत फिरून गेली. जुना नळ उपसून नेलेला, आणि हार्लीचं घर स्वतःच लोखंडी, यंत्र त्याच्या जवळपास सारखंच वाजत राहिलं. हार्लीनं त्यांना कॉफी पाजली आणि टायरच्या कारखान्याच्या गोष्टी सांगितल्या. ती लवकर निघून गेली.

उन्हाळाभर डोंगरमाथ्यावरून ट्रक चढत-उतरत राहिले. डेल्फिया व्हरांड्यात बसून दिव्याकडे बघायची. माणसं आली की आधी दिवा बघायला सांगायची, आणि माणूस खरं सांगतो की नाही हे पाहायला स्वतः पुन्हा उठून जायची. बारीक झाली ती. मी एकदा म्हटलं, डॉक्टरला दाखवू. म्हणाली, "डॉक्टरला काय दाखवू, लाइल? मला दुखत काहीच नाही."

सप्टेंबरच्या मध्यावर वरच्या पहिल्या विहिरीत पाणी भरायला सुरुवात झाली. दिवसभर डोंगर घुमायचा. कपाटातल्या बश्या एकमेकींना लागून बारीक किणकिणायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी डेल्फियानं दिवा बघितला तर ज्योत काचेच्या वर जाऊन पत्र्याच्या टोपीला चाटत होती. टोपी काळी पडली होती.

नळी बंद करावी हे आधी सुचलं तिला. हात झडपेवर गेला आणि तिथंच थांबला. इथं बंद केलं तर तो जोर कुठं जाईल? मागे जाईल. ओहोळाखालून मागे, पिंपाकडे, पायरीकडे. तिनं झडप बंद केली नाही. उलट घरात येऊन चुलीचे चारही बर्नर लावले, भट्टी लावली, दोन्ही खोल्यांतल्या शेगड्या लावल्या. खिडक्या उघडल्या. जितका जळेल तितका तिकडचा जोर कमी, असा तिचा हिशेब.

मी त्या दुपारी घेवड्याच्या शेंगा द्यायला गेलो. बाहेर घामानं अंगरखा भिजेल असं ऊन. दारातूनच झळ आली. ती स्वयंपाकघराच्या मधोमध खुर्चीवर बसलेली, चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले, आणि चहूबाजूंनी निळ्या ज्वाळा फुसफुसत होत्या. चुलीवर एक भांडंही नव्हतं.

"काय भाजताय, मावशी?" मी विचारलं.

"स्वतःला," ती म्हणाली. "शेंगा तिथं ठेव. जाताना दिव्याकडे बघ आणि मला तिथून हाक मार."

मी बघितलं. दोन वीत ज्योत होती. हाक मारली. मला वाटलं, वय झालं. मी घरी गेलो. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण मी घरी गेलो.

पाच दिवस ती त्या आगीत बसली. मग वरचं काम थांबलं, डोंगर गप्प झाला, ज्योत हळूहळू उतरली. तिला वाटलं, निभावलं. पण शनिवारी तिनं बादली ओतली तेव्हा साबणाला पहिल्यांदा फुगे आले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. बारीक, एकाशेजारी एक, पायरीच्या कोपऱ्यापासून ओळीनं. हार्ली वर बसून सिगारेट ओढत होता. तिनं त्याच्या हातातली सिगारेट हिसकावून बादलीत टाकली.

"वहिनी, आता माझं तोंडही धुणार का?" तो म्हणाला.

त्या रविवारी प्रार्थनेनंतर तिनं त्याला जेवायला बोलावलं. मलाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बोलावणं आलं म्हणून हार्लीनं दाढी केली होती. आमच्या ठिपक्यांच्या घेवड्याची उसळ होती, डुकराच्या हाडात शिजवलेली, आणि मक्याची भाकरी. हार्ली खुशीत होता. भाकरीचा तुकडा मोडत त्यानं गोष्ट सुरू केली.

"परवा पाऊस झाला ना, तर पायरीपुढे डबकं झालं. आणि डबकं हसायला लागलं. गुडगुड, गुडगुड. म्हटलं बेडूक असेल. वाकून बघतो तर बेडूक नाही. म्हणून काडी ओढली आणि टाकली."

त्यानं भाकरीनं ताटलीतली उसळ पुसून घेतली.

"निळी आग, वहिनी. पाण्यावर. इथून त्या कपाटापर्यंत पळाली आणि गेली. भुवया वाचल्या, टोपी होती म्हणून. डेन्झिल असता तर त्याला दाखवली असती. कंपनीनं ओहोळात काहीतरी सांडलंय बघा. पुढच्या पावसाला परत टाकून बघणार आहे, नीट कागद पेटवून."

डेल्फियाच्या हातातला डाव उसळीत उभा राहिला होता. ती हळू आवाजात म्हणाली, "भावजी, तुम्ही इकडे राहायला या. आजच. आतली खोली रिकामी आहे."

हार्ली हसला. "पंचवीस वर्षं तुम्ही मला ओल्या बुटांनी दारात उभं केलं नाही, वहिनी, आणि आता खोली देताय? काय झालंय, मी मरणार आहे का?"

"म्हातारपण आहे. सोबत होईल."

"मला सिगारेट ओढू द्याल घरात?"

तिनं नजर चुलीकडे वळवली. तिच्या डोळ्यांसमोर चुलीचे चार बर्नर असणार.

"बघा," हार्ली माझ्याकडे वळून म्हणाला. "सोबत हवी, पण धूर नको. मी माझ्या पायरीवर बरा आहे. धुतलेली असते."

मी हसलो. त्याचंही मला आता बरं वाटत नाही.

मंगळवारी ट्रेंट ओल्डहॅम गाडी थांबवून फाटकातूनच सांगून गेला, उद्या दुपारपासून दुसऱ्या विहिरीत पाणी भरणार आहोत, थोडा आवाज होईल, काळजी करू नका. न सांगता त्यानं दिव्याकडे बघितलं आणि "बोटभर आहे, बाई," म्हणाला. चांगला माणूस. तिला तेव्हाच सांगावंसं वाटलं. ती खुर्चीतून उठून व्हरांड्याच्या कडेपर्यंत गेली. त्याची गाडी गेली.

बुधवारी सकाळी दव वाळायच्या आत ती माझ्या पायरीवर आली. अंगात प्रार्थनेचा निळा झगा, पायात डेन्झिलचे कामाचे बूट, हातात त्याची खिशातली वही. वहीत एक पान होतं. कोपऱ्याच्या खांबापासून एकेचाळीस पावलं, ओहोळाकडे तोंड करून. खाली बाण आणि एक गोल. त्या शांत माणसानं आपल्या गुन्ह्याचा नकाशा इतक्या सुबक अक्षरात काढला होता.

तिनं मला सगळं सांगितलं. सावकाश, काही न गाळता, जसं कोणी भाजी निवडतं. शेवटी म्हणाली, "मला कसली भीती वाटते, सांगू? तुरुंगाची नाही. या वयात मला कोण ठेवून घेईल? गॅस जाईल, त्याचीही नाही. ब्लँकेटं आहेत. भीती वाटते ती डेन्झिलच्या नावाची. खोऱ्यातला एकसुद्धा माणूस त्याला खोटा म्हणत नाही. आज संध्याकाळी सगळे म्हणतील."

"मी नाही म्हणणार," मी म्हटलं.

"तू म्हणशील. थोड्या दिवसांनी. पण म्हणताना हेही सांग की त्याची आई आत झोपली होती." मग थांबून म्हणाली, "आणि हार्लीला वाटत होतं, भाऊ आपल्याकडे कॉफीला येतो. तो येत होताच. कॉफीलाही येत होता."

मला तिनं दोन कामं सांगितली. हार्लीला काहीतरी सांगून गाडीत घाल आणि खोऱ्याबाहेर ने. आणि त्याचा लायटर काढून घे. दिव्याला हात लावू नकोस, तो जळू दे, कोणी जाणकार येईपर्यंत जळायला हवा. मी म्हटलं, माझ्या गाडीतून वर सोडतो. म्हणाली, नको, तू आधी हार्लीकडे जा, गाडी तिथं लागेल. फोन करू का, म्हटलं. ती म्हणाली, "त्या मुलाला टेबलाशी बसून नाही म्हटलं होतं. हो पण समोर उभं राहूनच म्हणायला हवं."

आज त्या सपाट तुकड्यावर कमरेएवढा लोखंडी खांब उभा आहे, त्यावर नंबर कोरलेला आहे. खाली शेकडो फूट सिमेंट भरलं आहे. जो जातो तो खांब बघतो आणि डेन्झिलचं नाव घेतो, कोणी एका सुरात, कोणी दुसऱ्या. पण त्या सकाळी तिथं नुसतं ओलं गवत होतं आणि पायरीवर बसलेला हार्ली.

मी गाडी पायरीपर्यंत नेली नाही, ओहोळाअलीकडेच थांबवली. इंजिन तिथं चालू ठेवायचीसुद्धा मला भीती वाटत होती. चालत गेलो, प्रत्येक पाऊल जपून टाकत, जणू खाली कोणी झोपलं आहे. हार्लीला म्हटलं, शहरात न्याहारी देतो, चल. त्यानं संशयानं बघितलं. म्हणाला, "आधी वहिनी, मग तू. सगळ्यांना माझा एवढा पुळका का आलाय?" पण न्याहारीला नाही म्हणणारा तो नव्हता. पायरीवरून उतरताना त्यानं सिगारेट ओठात धरली आणि खिसा चाचपला. मी लायटर मागितला. त्यानं दिला, आणि मी तो ओहोळ ओलांडेपर्यंत मुठीत इतका घट्ट धरला की तळव्याला वळ उठला.

गाडीत बसलो तेव्हा ती तिच्या फाटकातून बाहेर पडत होती. झग्याचा घोळ एका हातानं वर धरलेला, दुसऱ्या हातात वही. कंपनीच्या ट्रकांनी केलेला रस्ता तिचं कुंपण चिरत वर जातो, त्या रस्त्यानं चढू लागली. बूट मोठे होते. प्रत्येक पावलाला टाच आत घसरत होती.

"वहिनी प्रार्थनेचे कपडे घालून डोंगरावर कुठं चालल्या?" हार्ली म्हणाला. "आज बुधवार आहे."

मी लायटर खिशात टाकला.

"लायटर दे."

"नंतर देतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मागे वळून त्यानं आपल्या घराकडे बघितलं, पायरीकडे, पायरीपुढच्या डबक्याकडे, तिथं राहून गेलेल्या तिच्या बादलीकडे. किती तरी वेळ बघत होता. ओठातली सिगारेट त्यानं हळूच काढली आणि वरच्या खिशात ठेवली.

फाटकाशी दिवा जळत होता, उन्हात जवळजवळ न दिसणारा. ती त्याच्याकडे न बघता पुढे गेली होती, आणि मग वळणावरच्या पाइनच्या झाडांमागे तिचा निळा झगा दिसेनासा झाला. हार्ली आणि मी काच खाली करून त्या वळणाकडे बघत बसलो. न्याहारीचं त्यानं पुन्हा विचारलं नाही.